शिगवणनानांचं लॅटिन

आमच्या तिठ्यावर एक सार्वजनिक नळ आहे. त्याच्या गळ्यात पत्र्याची एक पाटी काथ्याने बांधलेली आहे. काळ्या रंगावर पांढरी रोमन अक्षरं, इतकी सुबक की छापल्यासारखी वाटावीत : फॉन्स रिडिक्युलुस. त्याखाली बारीक देवनागरीत, 'हास्यास्पद झरा. ठिकाण : तिठा. पाणी : बांधल्यापासून नाही. गोळा करणारा : भि. रा. शिगवण.'

नवखा माणूस एस.टी.तून उतरतो, तहान लागलेली असते म्हणून नळाकडे जातो, पाटी वाचतो आणि समोर हसनमियांच्या दुकानात जाऊन विचारतो, "हे काय आहे?" हसनमिया बारा वर्षं दुबईला राहून आलेले आहेत, त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. ते पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि म्हणतात, "ता नानाचा लॅटिन हाय. पाणी इकडे हाय."

खेडहून दापोलीला जाताना मध्ये लागतं ते आमचं गाव. दापोलीच्या शेतकी कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, तिथे शिगवणनानांनी एकतीस वर्षं नोकरी केली. प्राध्यापक म्हणून नव्हे. ते अटेंडंट होते. जंगलातून आणलेली झाडपाल्याची डहाळी वर्तमानपत्रात दाबायची, वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात तिच्या नावाची चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. पण अक्षर असं की साहेब लोक चिठ्ठ्या त्यांच्याकडूनच लिहून घेत. एकतीस वर्षं लॅटिन नावं लिहून लिहून नानांचा असा समज झाला की, ज्या वस्तूला लॅटिन नाव नाही ती अजून कुणी नीट बघितलेली नाही.

निवृत्त होताना त्यांनी रद्दीतून एक लॅटिनची डिक्शनरी घरी आणली होती. तिला वाळवी लागलेली. 'आर' अक्षराची सगळी पानं खाऊन झाली होती, मधला एक शब्द तेवढा शिल्लक होता. "वाळवीनं तो सोडला म्हणजे त्याच्यात काय तरी असणार," असं नाना म्हणत. तो शब्द म्हणजे रिडिक्युलुस.

त्या एका शब्दावर त्यांनी निवृत्तीची पुढची सगळी वर्षं काढली.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. माझे वडील चळवळीतले होते. आमच्या घरात तांदळाच्या पिंपाशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. बाकीची मुलं अंकलिपीवर वाचायला शिकली, मी 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' यावर शिकले. वडील गेले आणि पत्रकं काढायचं काम मी अंगावर घेतलं. दोन वर्षांत अकरा पत्रकं काढली. खेडच्या एका छापखान्यात पाचशे-पाचशे प्रती छापून आणायच्या, बाजाराच्या दिवशी तिठ्यावर उभं राहून वाटायच्या. संध्याकाळी हसनमियांच्या दुकानातून भजी घेतली की ती माझ्याच पत्रकात बांधून मिळत. सातव्या पत्रकानंतर मला याचंही वाईट वाटेनासं झालं होतं.

तर भांडण. गावात दवाखाना होणार म्हणून तीन वेगवेगळ्या पुढाऱ्यांनी तीन वेळा कोनशिला बसवल्या. दवाखाना झालाच नाही. एका ओळीत तीन संगमरवरी दगड उभे आहेत, मध्ये गवत. एके सकाळी तिन्ही दगडांवर पाट्या दिसल्या. साक्सुम रिडिक्युलुम एक, दोन आणि तीन.

मी तशीच नानांच्या घरी गेले. ते अंगणात तेलाचा रिकामा डबा कापत बसले होते. पत्रा हसनमियांच्या दुकानातून यायचा.

"नाना, हास्यास्पद काय लिहिता? हा भ्रष्टाचार आहे. तसं लिहा."

"ता तू लिही. तुझ्या पत्रकात. बस गो बाय, उन्हातून आलीस."

"पण तुम्ही का नाही लिहीत?"

"कारण तो निराळा शब्द हाय." नानांनी कात्री खाली ठेवली. "बघ. चूक निराळी. पाप निराळं. गुन्हा निराळा, त्याला पोलीस हायत. रिडिक्युलुस म्हणजे हसण्यालायक. त्याला कोण नाय. म्हणून मी हाय."

"लोकांचा दवाखाना गेला आणि तुम्हाला हसू येतं?"

"मी हसलो?"

हे मात्र खरं होतं. नानांना हसताना कुणीच पाहिलं नव्हतं. गावभर हसण्यालायक वस्तूंवर पाट्या बांधणाऱ्या या माणसाचा चेहरा कायम पंचनाम्याला बोलावलेल्या साक्षीदारासारखा असे.

त्या दिवशी त्यांनी मला तो शब्द शिकवला. वस्तू पुल्लिंगी असेल तर रिडिक्युलुस, स्त्रीलिंगी असेल तर रिडिक्युला, नपुंसकलिंगी असेल तर रिडिक्युलुम.

"म्हणजे आपल्याकडे वेडा, वेडी, वेडं, तसं," मी म्हणाले.

"नाय." नाना एकदम तुटक बोलले. "तसं नाय. तो शब्द ह्याच्यात आणायचा नाय." आणि परत कात्री उचलून कापायला लागले.

मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर.

नानांचे नियम कडक होते. माणसावर पाटी नाही, सजीवावरही नाही, कारण "त्यांना आपापली नावं हायत." एकदा एक गृहस्थ आपल्या मेहुण्यासाठी पाटी करून द्या म्हणून आले होते, नारळ घेऊन. नानांनी नारळासकट परत पाठवलं. खिळा मारायचा नाही, काथ्याने बांधायचं, कारण झाडावरच्या पाट्या तशाच बांधतात आणि हात त्याच सवयीचा होता. वस्तू एकदा बघून नाव द्यायचं नाही. झाड फुलावर बघायचं, फळावर बघायचं, पानगळीत बघायचं आणि मग चिठ्ठी लिहायची, तसंच कुठलीही हास्यास्पद वस्तू तीनदा बघायची. आणि प्रत्येक पाटीच्या दोन प्रती करायच्या. "नमुना कधी एक नसतो," नाना सांगत. "एक आपल्याकडे, दुसरा लांबच्या संग्रहाला पाठवायचा. इकडे आग लागली, वाळवी लागली, तर तिकडे राहतो."

"तुमची दुसरी प्रत कुठे जाते?"

"जाते," नाना म्हणाले.

न्यायाने वागायचं तर स्वतःपासून सुरुवात, म्हणून त्यांच्या छत्रीच्या दांड्यालाही पाटी होती. उंब्राकुलुम रिडिक्युलुम. ती छत्री पाऊस थांबल्यावरच उघडत असे. मी त्यांच्या घरी जायला लागले तसं त्यांचं घरही कळलं. दोन खोल्या, एकटा माणूस, लग्न केलेलं नाही. खाटा मात्र दोन. दुसऱ्या खाटेवरची गादी ते दर रविवारी अंगणात उन्हाला घालत. "कोण येतं का तुमच्याकडे?" मी एकदा विचारलं. "गादीला वास लागतो," ते म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. मला तेव्हा गावाचे प्रश्न पडत, माणसांचे पडत नसत.

आता शेडबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

दोन हजार साली आमच्या तिठ्यावर एस.टी.च्या प्रवाशांसाठी निवारा शेड झाली. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी, आत बाक. ठेकेदाराने नकाशा उलटा धरला की मिस्त्रीने दोरी उलटी टाकली, हे आजवर कळलेलं नाही, पण उघडी बाजू रस्त्याकडे यायच्या ऐवजी मागच्या दरडीकडे आली. रस्त्याकडे शेडची पाठ. आत बसलं की समोर हातभर अंतरावर जांभ्याची लाल दरड, तिच्यावर शेवाळ. गाडी आली तरी दिसत नाही, गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. लोक पूर्वीसारखेच रस्त्यावर उन्हात उभे राहू लागले आणि आत शेळ्या बसू लागल्या.

"दुबईत एवढ्या शेडी बघितल्या," हसनमिया म्हणाले, "ह्याच्यासारखी नाय. ही रुसलीय."

नानांनी शेड तीनदा बघितली नाही, वर्षभर बघितली. त्यांच्याकडे संग्रहाच्या कामाची वही होती, तिच्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी नोंद. 'हवा : दमट. रस्त्यावर उभे : चौदा. आत बसलेले : शेळ्या तीन, माणूस एक (झोपलेला).' 'हवा : मुसळधार. रस्त्यावर उभे : नऊ, पैकी गरोदर बाई एक. आत बसलेले : शेळ्या पाच.' मग एक दिवस पाटी लागली. स्टाटिओ रिडिक्युला.

ती वही बघून माझे डोळे चमकले. ओरडणारे गावात पुष्कळ होते, मीच होते. वर्षभर रोज मोजणारा माणूस कुणाकडे नव्हता. पुढच्या वर्षीच्या एक मेच्या ग्रामसभेत शेडचा विषय घ्यायचा, ती वळवून बांधायचा ठराव करायचा आणि नानांनी उभं राहून वही वाचून दाखवायची, असं मी ठरवलं. नाना सभेत कधी बोललेले नव्हते. चार दिवस मागे लागल्यावर म्हणाले, "वाचीन. वाचायला काय, लिहिलेलंच हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "शेड सरळ झाली तर बरंच हाय. गणपतीच्या आधी झाली तर आणखी बरं."

"गणपतीला काय?"

"पाहुणा येणार हाय," नाना म्हणाले. कानामागची पेन्सिल काढून परत तिथेच ठेवली.

मी बारावं पत्रक लिहायला बसले. अकरा पत्रकं पुड्यांत गेली होती. या वेळी मथळा असा हवा होता, की लोकांनी वाचल्याशिवाय कागद दुमडू नये. रात्रभर सुचला नाही, पहाटे सुचला. आमच्या जिल्ह्यात कुणी वेड्यासारखं वागलं की सगळे एकच गोष्ट म्हणतात, लहान पोरंसुद्धा म्हणतात, कारण वेड्यांचं इस्पितळ तिथे आहे. मी मोठ्या टाइपात छापून घेतलं : 'शेड उलटी बांधणाऱ्यांना रत्नागिरीला पाठवा!'

आणि पत्रक चाललं. पहिल्यांदाच. लोकांनी मागून मागून नेलं. पोरं तिठ्यावर नाचत ओरडायला लागली, "पाठवा, पाठवा, रत्नागिरीला पाठवा!" शाळा सुटली की तेच. कुणी अडखळून पडला तरी तेच. मला वाटलं, आता गाव जागं होतंय.

ग्रामसभेला नाना आले नाहीत. मी दाराकडे बघत राहिले. सरपंचांनी माझं पत्रक हातात धरलं, मथळा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "बाय, पाठवू की. पण कोणाकोणाला? स्पेशल गाडी करायला लागेल!" सगळी सभा हसली. हसता हसता शेडचा विषय पुढच्या सभेवर गेला. वर्षभराच्या मोजदादीचा एक आकडाही कुणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझ्या कडीला पाटी बांधलेली. लिबेल्लुस रिडिक्युलुस. खाली बारीक अक्षरात, 'हास्यास्पद पत्रक. तीनदा बघितलं : छापखान्यातून आल्यावर, तिठ्यावर, ग्रामसभेत (खिडकीबाहेरून).'

म्हणजे आले होते. खिडकीबाहेर उभे राहिले आणि आत आले नाहीत! मी ती पाटी काढून चुलीजवळ फेकली आणि महिनाभर त्यांच्या घरावरून जाताना मान वळवली नाही. माझं म्हणणं साधं होतं. जो माणूस भ्रष्टाचाराला हास्यास्पद म्हणतो आणि त्याच्याविरुद्ध लढणारीलाही हास्यास्पदच म्हणतो, त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. आणि मी फार दमले होते. तो दमणुकीचा भाग मी कुणाला सांगितला नाही.

जूनमध्ये शेडचा अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी द्यायला मी निघाले. सकाळची दापोली-रत्नागिरी गाडी. खांद्यावरच्या शबनम पिशवीत अर्ज आणि सोबत जोडायला पत्रकाच्या उरलेल्या पंधरा-वीस प्रती. गाडीत एकच जागा रिकामी होती, नानांशेजारी. ते महिन्यातून एकदा गुरुवारी या गाडीने जात. पेन्शनीचं काम असेल असं गाव समजून होतं. मांडीवर खाकी पुडकं.

खेड गेलं. चिपळूणला गाडी भरली, अलोऱ्याच्या कॉलनीतली एक बाई टोपलीसकट माझ्या पायांवर बसली. नानांनी सरकून तिला जागा दिली. संगमेश्वर गेलं. रत्नागिरी जवळ आली तसे नाना खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तुझं काम किती वाजता?"

"कधीही. साहेब असतील तेव्हा."

"मग आधी माझ्याबरोबर चल. पाठवा पाठवा म्हणून लिहिलंस. जागा तरी बघून ये."

मला तेव्हा कळलं. सगळं नाही, पण पेन्शनीचं काम नव्हतं एवढं कळलं.

इस्पितळाच्या आवारात मोठी झाडं होती. नाना त्यांना नावानं ओळखत असावेत, पण त्या दिवशी त्यांनी एकाही झाडाकडे पाहिलं नाही. झाडाखालच्या बाकावर एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस आधीच येऊन बसला होता. केस नीट विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. नाक थेट नानांचं.

"पांडू, माझा भाऊ," नाना म्हणाले. "माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आमच्यात शिकलेला हाच. मॅट्रिक."

पांडूकाकांनी मला मान लववून नमस्कार केला आणि नानांकडे हात पसरला. नानांनी पुडकं सोडलं. आत पत्र्याच्या पाट्या होत्या. दुसऱ्या प्रती.

नानांनी पहिली पाटी दिली. पांडूकाकांनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचली, "होरोलोगियुम रिडिक्युलुम. घड्याळ. कुठलं?"

"शाळेचं. बारा वाजता बंद पडलं. मास्तरांनी म्हटलं दुरुस्तीपेक्षा शाळाच बाराला सोडू."

पांडूकाका हसले. खांदे हलवत, डोळे मिटून, मनापासून हसले. ते हसत होते आणि नाना त्यांच्याकडे बघत होते, जसा एखादा माणूस कुंडीतल्या रोपाला नवीन पान आलंय का बघतो. दुसरी पाटी. तिसरी. प्रत्येक पाटीला गोष्ट, प्रत्येक गोष्टीला हसू. गावात हा माणूस चार शब्दांवर बोलत नसे. इथे तो सरपंचांची नक्कल करत होता, हसनमियांसारखा बोलत होता, शेळी होऊन दरडीकडे तोंड करून बसत होता.

"शेडीची परत सांग," पांडूकाका म्हणाले. ती पाटी त्यांच्याकडे आधीच होती, पिशवीतून काढून त्यांनी मांडीवर घेतली. "अजून उलटी हाय?"

"अजून."

"गणपतीत मी आलो की आत बसणार."

"बस की. डॉक्टर हो म्हणालेत."

"खाट हाय ना माझी?"

"हाय. गादी रविवारी उन्हाला टाकली होती."

पांडूकाकांनी पाटी परत पिशवीत ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "नाना, पोरं अजून ओरडतात?"

मी जमिनीकडे बघत राहिले.

"नाय," नाना म्हणाले. "ती पोरं मोठी झाली. मुंबईला गेली सगळी."

मग पांडूकाकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही कोण?"

"ही आपल्या गावची. पत्रकं लिहिते. छापून."

"छापून?" त्यांचा चेहरा उजळला. "बघू. वाचायला दे एक. मला छापलेलं काय मिळत नाय इथे."

त्यांनी हात पुढे केला. माझ्या शबनममधून गठ्ठ्याचा कोपरा बाहेर आलेला होता, मोठ्या टाइपातलं एक अक्षरही दिसत होतं. मी शबनम छातीशी धरली. इतके दिवस मी लोकांना म्हणत आले होते, घ्या, वाचा, आणि पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून मागत होतं.

"संपली रे," नाना शांतपणे म्हणाले. "हिची पत्रकं उरत नायत. लोक बाजारातच ओढून नेतात. पुढच्या वेळी एक बाजूला ठेवायला सांगतो."

"चांगलं लिहीत असणार," पांडूकाका म्हणाले.

"लिहिते," नाना म्हणाले. "तापट हाय थोडी."

अर्ज द्यायला मी गेले नाही. परतीच्या गाडीत नानांनी तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. पांडू पंचविशीत आजारी पडला. दोनदा बरा होऊन घरी आला. दोन्ही वेळा गावातली पोरं त्याच्या मागे लागली, तेच ओरडत, जे मी छापलं होतं. दुसऱ्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, नाना, मला परत नेऊन सोड. त्याला आता वीस वर्षं झाली. माझ्या वयाच्या कुणाला तो माहीतच नव्हता आणि ज्यांना माहीत होता ते बोलत नव्हते.

"मला वाटायचं," नाना म्हणाले, "गाव ह्याला हसतं. मग म्हटलं, गावात हसण्यासारखं काय काय हाय ते ह्याला तरी कळू दे."

मी विचारलं, "माझ्या पाटीची दुसरी प्रत?"

"पत्रा कापला होता. रंगवला नाय."

"का?"

"पांडू हसला असता गो," नाना म्हणाले. "तो माझ्या सगळ्या पाट्यांना हसतो. ह्या पाटीला हसला असता तर मी काय केलं असतं?"

त्यानंतर मी आयुष्यातलं सर्वांत हास्यास्पद काम केलं. वाटलेली पत्रकं परत गोळा केली. घरोघर गेले. कुणाच्या फडताळात अंथरलेली, कुणाच्या पोराच्या पतंगात, एक सरपंचांच्या घरी चक्क फ्रेम केलेलं. हसनमियांनी भज्यांसाठी ठेवलेला गठ्ठा न बोलता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मला वाटला तुला पांडूचा ठाऊक हाय. ठाऊक असून लिवलंस असा वाटला, म्हणून बोललो नाय." पोरांना शाळेत जाऊन समजावलं. ती ऐकून घेत आणि मी वळले की ओरडत. निम्मी पत्रकं मिळाली, निम्मी नाही. ओरडणं पुढे बंद झालं ते माझ्या समजावण्यानं नव्हे. श्रावणात पोरांना दुसरं काहीतरी सापडलं. छापलेलं परत घेता येत नाही एवढं मला कळलं, आणि ते कळायला बारा पत्रकं लागली.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने पांडूकाका उतरले. पाऊस होता. नानांनी छत्री उघडायचा प्रयत्न केला, ती उघडली नाही. तिठ्यावर मुंबईहून आलेली माणसं, सामान, पोरंटोरं, बरीच गर्दी होती. पाच-सहा जण थांबून बघायला लागले. एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाला लागला. पांडूकाकांनी ते पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवी पोटाशी धरली. नानांनी इकडे तिकडे बघितलं. आणि भावाच्या खांद्याला धरून त्यांना सरळ शेडच्या मागच्या बाजूला नेलं, आत.

रस्त्यावरच्या लोकांपुढे फक्त भिंत राहिली. बघायला काहीच नव्हतं. हळूहळू जो तो आपापल्या सामानाला लागला. हसनमिया दोन चहा घेऊन मागे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"काय करतायत?" मी विचारलं.

"दरड बघतायत."

आणि मग भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. तो मला ओळखू आला, झाडाखाली ऐकलेला. त्याच्यामागून दुसरा आला, जाड, न वापरलेला, अडकत अडकत सुटणारा. तो मी कधीच ऐकला नव्हता. हसनमियांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "ता नाना हाय."

पांडूकाका पाच दिवस राहिले. गौरी-गणपतीबरोबर परत गेले, स्वतःच म्हणाले, आता सोड. पुढच्या वर्षी सात दिवस राहिले. शेड अजून उलटीच आहे, पुढच्या ग्रामसभेतही विषय आला नाही आणि मीही काढला नाही.

त्या पहिल्या वर्षी नाना त्यांना पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिठ्यावर गेले तर शेडवरची पाटी नव्हती. काथ्या सोडवल्याची खूण होती फक्त. नाना हसनमियांच्या बाकावर बसून वही लिहीत होते. मला बघून त्यांनी वही मिटली नाही. गणपतीच्या आदल्या दिवसाचं पान होतं.

'हवा : पाऊस. रस्त्यावर उभे : वीस-बावीस. आत बसलेले : शेळी एक, माणसं दोन.'